चार विहिरी, एक बोअर आणि एक वर्ष

आमच्या गावाच्या शिवेवर क्रोम प्लेटिंगचा एक लहानसा कारखाना होता. २०१६ साली तो बंद पडला, यंत्रे विकली गेली आणि उरलेली शेड एका व्यापाऱ्याने कांदा साठवण्यासाठी भाड्याने घेतली. जुलै २०२३ मध्ये तिथल्या एका हमालाने आवारातल्या बोअरचे पाणी नव्या पांढऱ्या बादलीत भरले, तेव्हा त्याला पाण्यावर पिवळसर झाक दिसली, रात्रभर हरभऱ्याची डाळ भिजवलेल्या पाण्यासारखी. जुन्या लोखंडी बादलीत ती कधी लक्षात आली नव्हती. त्याने ती बादली उचलून थेट ग्रामपंचायतीत आणली आणि तिथून ती माझ्यापर्यंत आली, कारण मी गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते.

गावाचे, कारखान्याचे आणि कोणत्याही व्यक्तीचे नाव मी इथे देत नाही. प्रकरण अजून संपलेले नाही आणि माझा हेतू कोणावर ठपका ठेवण्याचा नाही. पुढच्या पंधरा महिन्यांत आम्ही काय केले, काय चुकले आणि किती खर्च आला, हे लिहून ठेवले तर अशाच प्रसंगात सापडलेल्या दुसऱ्या गावाला थोडी वाट दिसेल, एवढेच मनात आहे.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात झाली. जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतीला पाणी तपासणीचे किट मिळालेले आहे आणि गावातल्या पाच महिलांना ते वापरण्याचे प्रशिक्षणही मिळालेले आहे. आम्ही सर्व विहिरींचे पाणी त्या किटने तपासले. क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा, लोह असे सगळे आकडे मर्यादेत आले आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्या किटमध्ये क्रोमियमची, म्हणजे क्रोम प्लेटिंगमध्ये वापरल्या जाणाऱ्या धातूची, चाचणीच नाही, हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले. आपण जे विचारतो तेवढ्याचेच उत्तर चाचणी देते, आणि प्लेटिंगच्या कारखान्याशेजारच्या पाण्याला आम्ही क्रोमियमबद्दल काहीच विचारलेले नव्हते.

दुसरी चूक अशी, की मी बाजारातल्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत बोअरचे पाणी भरून, बसने नव्वद किलोमीटरवरच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नेले. तिथल्या बाईंनी शांतपणे तीन प्रश्न विचारले : नमुना किती वाजता घेतला, त्याआधी पंप किती वेळ चालू होता आणि येताना बाटली थंड ठेवली होती का. एकाही प्रश्नाचे धड उत्तर माझ्याकडे नव्हते. त्यांनी नमुना नाकारला. वाईट वाटले, पण नमुना घेण्याची चार पानी सूचनापत्रिका त्यांनी मला दिली आणि आमच्या कामाची खरी सुरुवात त्या चार पानांपासून झाली.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत रीतसर ठराव झाला. ठराव करून घ्याच, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यानंतरचे प्रत्येक पत्र ‘ग्रामसभेच्या ठरावानुसार’ या शब्दांनी सुरू करता आले आणि अशा पत्राला आवक क्रमांक लगेच मिळतो. ग्रामपंचायतीने पंधरा हजार रुपये मंजूर केले, बाकीची रक्कम वर्गणीतून जमवायची ठरली. त्याच ठरावाची प्रत घेऊन मी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात गेले. तिथे एका निवृत्त भूवैज्ञानिकांचा परिचय झाला. त्यांना आम्ही सगळे सर म्हणू लागलो, आणि पुढचे सगळे काम त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाले.

कारखान्याला कोणत्या अटींवर प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मिळाले होते आणि घातक कचऱ्याची काय व्यवस्था नोंदवली होती, हे पाहण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज केला. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला. मुदत तीस दिवसांची असते, उत्तर एकेचाळीस दिवसांनी आले आणि त्यात अर्धीच कागदपत्रे होती. वीस रुपयांचा स्टँप लावून प्रथम अपील केल्यावर उरलेली मिळाली. या विलंबाने मी हताश झाले होते, परंतु त्या कागदांतल्या एका नकाशावर सांडपाण्याच्या टाकीची जागा दाखवलेली होती. आज तिथे केवळ गवत आहे. तो कागद नसता तर ती जागा आम्हाला कळलीच नसती.

सप्टेंबरमध्ये सरांनी गावात येऊन दोन दिवस शिवार पायी पालथे घातले. कारखान्याभोवतीच्या सतरा विहिरी आणि बोअर पाहून त्यांनी पाच ठिकाणे निवडली. चढाच्या बाजूची मंदिराची विहीर एक नंबर : कारखान्याचा परिणाम तिथे पोहोचणे शक्य नाही, म्हणून तुलनेसाठी ती सर्वांत महत्त्वाची. कारखान्याच्या भिंतीपासून साठ मीटरवरची पडीक विहीर दोन नंबर. आबा या शेतकऱ्याच्या मळ्यातली, साडेतीनशे मीटरवरची विहीर तीन नंबर. ओढ्याकाठची पाणीपुरवठ्याची विहीर चार नंबर आणि आवारातला बोअर पाच नंबर. साठ मीटरवरच्या विहिरीतच सगळे सापडेल, याबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. मलाही नव्हती.

आमच्याकडचा खडक दख्खनचा काळा पाषाण. वर चार-पाच मीटर मुरूम, त्याखाली भेगांचा खडक, मग मांजऱ्या (सच्छिद्र खडक) आणि त्याखाली घट्ट कातळ. पाणी मुरमातून आणि भेगांतून वाहते, आणि ते कोणत्या दिशेने वाहते हे जमिनीच्या उतारावरून अंदाजाने सांगता येते, नक्की सांगता येत नाही. त्यासाठी पाण्याची पातळीच मोजावी लागते. इथे एक बारीक गोष्ट आहे, जी मला कोणत्याही पुस्तकाने इतकी स्पष्ट सांगितली नव्हती. विहिरीत पाणी किती खोल आहे, एवढे मोजून काही कळत नाही, कारण प्रत्येक विहिरीचा कठडा वेगळ्या उंचीवर असतो. आधी सर्व कठड्यांची उंची एकाच खुणेपासून मोजावी लागते. मोबाइलमधला जीपीएस जागा बरी दाखवतो, मात्र उंचीत काही मीटरांची चूक करतो, आणि आम्हाला फरक शोधायचा होता मीटर-दीड मीटरचा. शेवटी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपले लेव्हलचे यंत्र आणले. मंदिराची खालची पायरी शंभर मीटर धरली आणि एका सकाळी सगळे कठडे मोजून झाले. प्रत्येक कठड्यावर जिथून मोजायचे तिथे तांबड्या ऑइलपेंटने बाण काढला, म्हणजे पुढच्या वेळी कोणीही आले तरी तिथूनच मोजेल.

एक नंबरचा कठडा १०१.१५ मीटरवर, पाणी ५.८५ मीटर खाली, म्हणजे पाण्याची पातळी ९५.३०. दोन नंबरची पातळी निघाली ९४.३०. आबांच्या विहिरीचा कठडा दोन नंबरच्या कठड्यापेक्षा पासष्ट सेंटिमीटर उंच, ९९.०५ मीटरवर. पाणी मात्र ६.३५ मीटर खाली, म्हणजे पातळी ९२.७०. सरांनी आलेखाच्या कागदावर तिन्ही बिंदू मांडले, त्रिकोण जोडला, समान पातळीच्या रेषा काढल्या आणि त्यांना काटकोनात एक बाण काढला. कारखान्यावरून निघालेला तो बाण दोन नंबरला बाजूला टाकून आबांच्या मळ्याकडे गेला. बोअरची पातळी त्यांनी या हिशेबात घेतली नाही, कारण खोल बोअरमधले पाणी वेगळ्या थराचे असू शकते आणि त्याची उघड्या विहिरींशी सरमिसळ केली तर बाण चुकीची दिशा दाखवतो.

आबा बाजूलाच उभे होते. त्यांच्या विहिरीचे पाणी तीन घरे पीत होती. ते म्हणाले, “बाई, माझ्या विहिरीचं पाणी काचेसारखं नितळ आहे, तळातला दगड मोजून घ्या.” ते खरेच होते.

पहिली फेरी १८ ऑक्टोबर २०२३ रोजी, नवरात्रात, बुधवारी ठरवली. वार जाणीवपूर्वक निवडला होता. षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट) क्रोमियमची, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाची, तपासणी नमुना घेतल्यापासून चोवीस तासांत व्हावी लागते आणि प्रयोगशाळा शनिवारी असे नमुने स्वीकारत नाही. आठ दिवस आधी फोन करून दिवस पक्का केला, बाटल्या आणि शीतपेटी आणली. त्यासाठी तीन हजार रुपये अनामत ठेवावी लागली, ती नंतर परत मिळाली. आदल्या रात्री सर्व बाटल्यांवर पक्क्या शाईने ठिकाण, तारीख आणि तपासणीचे नाव लिहिले. वेळ तेवढी जागेवर लिहायची होती. ओल्या बाटलीवर लेबल चिकटत नाही आणि ओल्या हाताने अक्षर नीट येत नाही, म्हणून ही तयारी घरीच करावी.

प्रत्येक ठिकाणच्या दोन मुख्य बाटल्या होत्या. एकूण क्रोमियमच्या बाटलीत प्रयोगशाळेने आधीच थोडे नायट्रिक आम्ल घातलेले असते, त्यामुळे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून राहत नाही. ही बाटली विसळायची नाही आणि काठोकाठ भरून उतू द्यायची नाही, नाहीतर आम्ल वाहून जाते. षट्संयुजी क्रोमियमच्या बाटलीत आम्ल अजिबात चालत नाही, कारण आम्लात त्याचे रूप बदलू शकते. ही बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायची आणि लगेच बर्फात ठेवायची. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात. मी आम्लाच्या बाटल्यांच्या झाकणांवर लाल चिकटपट्टी लावली होती, आणि दिवसभराच्या धावपळीत त्या पट्टीनेच मला दोनदा सावरले. हातमोजे आणि चष्मा नसेल तर आम्लाच्या बाटलीला हात लावू नये.

सकाळी सहाला मंदिरापासून सुरुवात केली. क्रम स्वच्छ पाण्याकडून संशयित पाण्याकडे ठेवायचा, म्हणजे एका विहिरीचा अंश दुसऱ्या नमुन्यात जात नाही. प्रत्येक विहिरीवर आधी पातळी मोजली, मग नमुना घेतला. हा क्रम उलटा केला तर पंपामुळे पातळी खाली गेलेली असते. नमुना घेण्यापूर्वी साचलेले पाणी उपसून काढावे, असा नियम आहे, पण सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर तेच एक लाख तेरा हजार लिटरच्या जवळपास भरते. ते तीनदा उपसणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. म्हणून चालू विहिरींवर मोटर तासभर चालल्यानंतर नमुना घेतला. पडीक विहिरीत वजन बांधलेली बाटली स्वच्छ नायलॉनच्या दोरीने पृष्ठभागाखाली सोडली. विहिरीत कोणीही उतरायचे नाही आणि काठावर एकट्याने काम करायचे नाही, हा नियम सरांनी शेवटपर्यंत मोडू दिला नाही.

बोअरचे काम सर्वांत अवघड गेले. जागेच्या सध्याच्या मालकांची लेखी परवानगी मिळवायलाच सहा आठवडे गेले होते. बोअर दीडशे मिलिमीटर व्यासाचा, त्यात पाण्याचा स्तंभ पंचेचाळीस मीटरचा. म्हणजे सुमारे आठशे लिटर पाणी, आणि तिप्पट उपसायचे तर चोवीसशे लिटर. हे पाणी ओढ्यात किंवा मोकळ्या जमिनीवर सोडणे म्हणजे आपणच दूषण पसरवणे. ग्रामपंचायतीची पाच हजार लिटरची जुनी काळी टाकी ट्रॅक्टरवर चढवून आवारात आणली आणि सगळे पाणी तिच्यात घेतले. उपसा चाळीस मिनिटे चालला. दर पाच मिनिटांनी सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, मोजत होतो. वाहकता ११२० वरून १३४०, मग १६१०, १६९०, १७००, १६९५ अशी चढत जाऊन स्थिरावली. सलग तीन नोंदी तीन टक्क्यांच्या आत आल्या की बोअरमधले शिळे पाणी संपून खडकातले ताजे पाणी येऊ लागले, असे समजायचे. पहिल्या पाच मिनिटांत बाटली भरली असती तर आम्ही तपासले असते ते पाइपात पडून राहिलेले पाणी. शेवटची बाटली मी उन्हात पांढऱ्या कागदासमोर धरली. पिवळी झाक स्पष्ट दिसत होती आणि माझे हात थोडे थरथरत होते.

सरांच्या सांगण्यावरून आणखी दोन नमुने घेतले. एका बाटलीत प्रयोगशाळेचेच ऊर्ध्वपातित पाणी जागेवर ओतून भरले, म्हणजे आमच्या हाताळणीतून काही मिसळते का ते कळेल. दुसरा नमुना आबांच्याच विहिरीचा, परंतु ‘सहा नंबर’ असे वेगळेच नाव देऊन, म्हणजे एकाच पाण्याचे दोन आकडे जुळतात का ते कळेल. दुपारी बाराला शेवटची बाटली बर्फात गेली, चार वाजता आम्ही प्रयोगशाळेत पोहोचलो. नमुने कोणी घेतले, कोणी आणले आणि कोणी स्वीकारले, हे लिहिण्याचा एक तक्ता असतो. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या आणि वेळ घेतल्याशिवाय तिथून निघू नये. त्या तक्त्याची छायाप्रत नंतर प्रत्येक कार्यालयाने मागितली.

सात नमुन्यांचे प्रत्येकी २,४०० प्रमाणे १६,८०० रुपये, सामू आणि वाहकतेच्या मीटरचे ४,२००, गाडीचे १,८००, बर्फाचे २००. पहिल्या फेरीचा खर्च तेवीस हजार झाला. मीटर एकदाच घ्यावा लागत असल्यामुळे पुढच्या फेऱ्या कमी खर्चात झाल्या.

अहवाल दहा कामकाजाच्या दिवसांत येणार होता. तो ६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या आठवडाभर आधी आला. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात कोणतीही सवलत नाही. मंदिराच्या विहिरीत आणि ओढ्याकाठच्या विहिरीत क्रोमियम आढळले नाही. साठ मीटरवरच्या पडीक विहिरीत ०.०२. बोअरमध्ये २.४. आबांच्या विहिरीत ०.३१, आणि ‘सहा नंबर’च्या नमुन्यात ०.२९. ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीत काहीच नव्हते. म्हणजे आकड्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. तळातला दगड दिसावा अशा नितळ पाण्यात क्रोमियम मर्यादेच्या सहापट होते.

आबांना सांगायला मी आणि सरपंच दोघे गेलो. त्यांनी अहवाल हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “उकळून घेतलं तर चालेल का?” उकळून क्रोमियम जात नाही, पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. हे त्यांना सांगणे त्या सगळ्या वर्षातले माझ्यासाठी सर्वांत कठीण काम होते. त्याच संध्याकाळी तिन्ही घरांना टँकरचे पाणी सुरू झाले आणि जानेवारीत पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरून नळजोडणी मिळाली.

आमचा अहवाल कायद्याच्या दृष्टीने पुरावा नव्हता, हेही सांगायला हवे. जल प्रदूषण प्रतिबंधाच्या १९७४ च्या कायद्यातील कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी मोहोरबंद केलेला नमुनाच पुढच्या कारवाईत ग्राह्य धरला जातो. आमच्या अहवालाचा उपयोग एवढाच, की त्यासोबत पाठवलेल्या पत्रावर जानेवारी २०२४ मध्ये तसा अधिकृत नमुना घेतला गेला. पत्राबरोबर पातळ्यांचा नकाशा जोडला होता. नुसत्या तक्रारीपेक्षा तो नकाशा अधिक बोलला, असे मला वाटते.

पातळीची मोजणी भूजल यंत्रणेच्या वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चालू ठेवली. नमुन्यांची दुसरी फेरी मे महिन्यात होती, परंतु लोकसभा निवडणुकीमुळे अर्धे गाव आणि सगळी कार्यालये कामात गुंतलेली होती, म्हणून ती लांबत २२ मे रोजी झाली. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा प्रमाण वाढेल, अशी माझी अटकळ होती. आबांच्या विहिरीचे पाणी कठड्याखाली ११.८० मीटरपर्यंत उतरले होते आणि क्रोमियम मात्र ०.३१ वरून ०.११ वर आले होते. बोअरमध्ये १.६. सरांच्या मते क्रोमियम कारखान्याच्या जमिनीखालच्या मुरमात मुरलेले आहे. पावसाळ्यानंतर पाणी वर चढून त्या मुरमाला भिडते आणि ते धुऊन घेऊन जाते, उन्हाळ्यात पाणी मुरमाच्या खाली राहते. उन्हाळ्यातली एकच फेरी केली असती तर आम्ही संकट निम्म्याहून कमी समजलो असतो. तिसरी फेरी १६ ऑक्टोबर २०२४ रोजी केली, आदल्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली होती. आबांची विहीर ०.२७, बोअर २.१. सरांचा तर्क बळकट झाला, तरी तीन फेऱ्यांवरून ठाम विधान करू नका, असे त्यांनी मला बजावले. अधिकाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात मी ‘शक्यता’ हाच शब्द ठेवला.

त्यानंतर, जुलै २०२५ मध्ये, केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागेची माहिती स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने कळवायची आणि राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, अशी तरतूद त्यात आहे. आमच्या ग्रामपंचायतीने तिन्ही फेऱ्यांचे अहवाल, सह्यांचे तक्ते आणि पातळ्यांची वही जोडून तशी माहिती कळवली आहे.

बोअरमधून उपसलेल्या पाण्याची काळी टाकी कांद्याच्या शेडमागे झाकण बांधून, फलक लावून अजून उभी आहे. तिच्या विल्हेवाटीचे पत्र आम्ही वेगळे दिले आहे. पातळी मोजायला आता मला जावे लागत नाही. आबा स्वतः तांबड्या बाणापाशी टेप लावतात, दोनदा मोजतात आणि वहीत तारीख घालून आकडा लिहितात. ओढ्याकाठच्या विहिरीचा आकडा ते माझ्याकडून दर वेळी आवर्जून विचारून घेतात, कारण आता त्यांच्या घरचे पाणी तिथून येते.